फुंकणीचं शून्य

मी फुंकणी बोलतेय. चुलीपुढची नव्हे. माझ्यात फुंकर मारून काही पेटत नाही, फार तर एखाद्याची नोकरी विझते.

माझं खरं नाव माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं आहे, पण ते वाचण्याचे कष्ट आजवर कोणी घेतले नाहीत. माणसाच्या श्वासात दारू आहे की नाही, हे सांगणारं मी एक यंत्र आहे. अंगाने काळी, तळहातात मावणारी. कपाळावर छोटी काच आहे, तिच्यावर आकडा उमटतो. बंदराच्या फाटकावरच्या चौकीत, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. कामगार आत शिरताना पहारेकरी पांढरी नळी लावून मला त्यांच्या तोंडापुढे धरतो आणि म्हणतो, "मार फुंकर." म्हणून मी फुंकणी.

माझा जन्म कारखान्यातला. पहिला श्वास मला माणसाने दिला नाही. एका नळकांड्यातून मोजून दारू मिसळलेली हवा माझ्यात सोडली आणि मला ती ओळखता येते का, ते पाहिलं. मग स्वच्छ हवा सोडली. मग पुन्हा दारूची. तान्ह्या लेकराला अंगाई मिळते, मला संशय मिळाला. तो माझ्या अंगातच आहे. त्यामुळे पुढच्या हकिकतीत मी कोणावर पटकन विश्वास ठेवला नाही, तर राग मानू नका.

मी येण्याआधी हे काम चौकीतला पहारेकरी स्वतःच्या नाकाने करायचा. "आ कर," म्हणायचा आणि समोरच्याच्या तोंडाशी नाक न्यायचा. सगळे त्याला नाककाका म्हणतात. एकदा नाककाकांना जबरदस्त सर्दी झाली आणि त्या आठवड्यात अख्खं बंदर साधुसंतांनी भरून गेलं. मग कार्यालयाने मला मागवलं. नाककाकांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला आणि म्हणाले, "हिला काय कळतंय!" तेव्हापासून आम्ही एकमेकांवर नजर ठेवून आहोत.

माणसं फुंकर कशी मारतात, यावरून पुष्कळ कळतं. कोणी गाल फुगवतो आणि हवा नळीच्या बाहेर सोडतो. कोणी तोंडात पेपरमिंटच्या गोळ्यांचा बार भरून येतो. कोणी डोळे मिटून फुंकतो, जणू माझ्यात देव बसलाय. एक रंगारी होता, त्याने कधी थेंबाला स्पर्श केला नव्हता. एके दिवशी तो औषधी पाण्याने चूळ भरून आला आणि माझ्या काचेवर आकडा चढला. थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावलं तेव्हा सगळं साफ होतं. पण लोक महिनाभर त्याच्यापासून दोन हात लांब उभे राहिले. आकडा पुसला गेला तरी संशय पुसला जात नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

खिडकीतून मला धक्का दिसतो. जहाज लागलं की सगळ्यांच्या मानगुटीवर भूत बसतं. जहाज थांबवून ठेवणं परवडत नाही, म्हणून कार्यालय सुपरवायझरच्या मागे आणि सुपरवायझर सगळ्यांच्या मागे. सगळ्यात वाईट क्रेनवाल्याचं. तो उंच काचेच्या पेटीत एकटा, मान खाली घालून बसलेला. त्याच्या हातातल्या दांड्याला लोखंडाचा डोंगर लटकतो आणि डोंगराखाली माणसं असतात. बोट जरा चुकलं की संपलं. संध्याकाळी तो खाली उतरतो तेव्हा त्याचे दात आवळलेलेच असतात. फाटकासमोर रस्त्यापलीकडे दारूच्या दुकानांची रांग आहे. "जरा डोकं हलकं करून येतो," असं म्हणत किती जण तिकडे वळताना मी पाहिलेत! आत येताना मला विचारतात. बाहेर जाताना मला कोणी विचारत नाही.

त्या क्रेनवाल्यांत सगळ्यात जुना उस्ताद. उस्ताद हे त्याचं नाव नव्हे, पण दुसऱ्या नावाने त्याला हाक मारलेली मी ऐकली नाही. टोपलीत अंडी ठेवावीत तसा तो लोखंडी पाइपांचा भारा खाली ठेवायचा. खाली उभं राहून त्याला हाताच्या खुणा करणारा माणूस म्हणजे त्याचा सख्खा जावई. सगळं बंदर त्याला जावईबापू म्हणायचं, आणि उस्तादही चारचौघांत मुद्दाम तसंच म्हणायचा.

इथली एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यामुळे घडलं. खालचा माणूस हाताने खूण करतो. बोट खाली करून गोल फिरवलं की भार खाली घ्यायचा. हात आडवा करून तळवा जमिनीकडे धरला की थांबायचं. वरच्याने खूण पाहिली की एकदा भोंगा वाजवायचा, म्हणजे "समजलं." भोंगा ऐकला की खालच्याने निर्धास्त व्हायचं. इथे सगळ्यांचा त्या भोंग्यावर भरवसा, जसा फाटकावर माझ्या शून्यावर.

उस्तादची फुंकर म्हणजे शून्य. कायम शून्य. संध्याकाळी तो त्या दुकानांत सगळ्यांच्या आधी शिरायचा आणि घरी गेल्यावरही बाटली जवळ घेऊनच बसायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी कामाची वेळ कधी आहे, त्याचा हिशोब त्याने डोक्यात पक्का बसवला होता. वेळ झाली की पेला पालथा. "ड्युटीवर थेंब नाही," तो छाती ठोकून सांगायचा, "खोटं वाटतं तर फुंकणीबाईला विचारा." सुपरवायझर नव्या पोरांना त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "पितो तोही. पण कसं प्यावं, ते शिका याच्याकडून."

मला मात्र त्या श्वासाचा भरवसा वाटत नव्हता. त्यात दारू नव्हती, पण अन्नही नव्हतं. रिकाम्या पोटाचा, आंबूस श्वास. पण माझ्या काचेला एकच उत्तर येतं आणि मला एकच प्रश्न विचारलेला असतो.

मग एके सकाळी उस्तादने फुंकर मारली, शून्य आलं, नाककाका म्हणाले, "जा." तो चार पावलं गेला आणि परत फिरला.

"काका, माझी फुंकर राहिली की!"

"आत्ता तर मारलीस."

"चेष्टा नको सकाळी सकाळी. आण इकडे."

त्याने पुन्हा फुंकलं. रांगेतले हसले. "उस्ताद, बाईचा फारच लळा लागलाय," कोणीतरी म्हणालं. उस्तादही हसला, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. नाककाका त्याच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत राहिले. उस्ताद पाय फाकवून, हलत्या जहाजावर चालावं तसा सपाट जमिनीवर चालत होता.

"हिची काच बिघडलीय की काय," नाककाका पुटपुटले आणि त्यांनी मला शर्टाला पुसलं. मला बघून नाही, त्याला बघून त्यांना शंका आली होती, आणि पुसलं मात्र मला.

उस्तादची मुलगी दुपारी कधीकधी फाटकाशी यायची. शिवणकाम करायची, तिच्या ओढणीला नेहमी दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. पहिल्यांदा आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "काका, एक विचारू? बाबा इथे घेतात का?"

"छे! का गं?"

"डबा भरलेला परत येतो. विचारलं तर म्हणतात, चाटूनपुसून खाल्ला. तोंडावर खोटं बोलतात माझ्या. काल म्हणाले, सगळ्यांनी मिळून एकत्र जेवलो आणि जहाजाच्या कप्तानाने फळं पाठवली. आमचे हे म्हणाले, काल जहाजच नव्हतं."

"मग जावईबापू काय म्हणतात त्यावर?"

"हसतात. म्हणतात, मामांना गप्पा मारायची सवय आहे."

नाककाकांनी मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे बघ पोरी, तुझा बाप रोज हिच्यात फुंकतो. रोज शून्य. डोळे झाकून विश्वास ठेव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सुटकेचा श्वास टाकला आणि गेली. विचारायला आली होती बापाबद्दल. उत्तर घेऊन गेली फुंकरीबद्दल.

जावईबापूवर माझा संशय तेव्हापासूनचा. सासऱ्याच्या गोष्टीला तो सगळ्यांआधी हसायचा, आणि जरा जास्तच हसायचा. उस्ताद काही विसरला की हा चटकन दुसराच विषय काढायचा. खिडकीतून मी आणखी एक पाहिलं. पूर्वी तो नुसत्या खुणा करायचा. आता खूण करता करता दुसऱ्या हाताने वॉकीटॉकी तोंडाशी धरायचा. तसाच एक संच वर उस्तादकडे होता आणि एक नाककाकांच्या टेबलावर पडलेला असे, त्यातून मला सगळं ऐकू यायचं.

"मामा, आता खाली. हळू. आता थांबा. थांबलात ना? आता डावीकडे. डावीकडे मामा, माझ्या नाही, तुमच्या डावीकडे."

इतकी वर्षं टोपलीत अंडी ठेवणाऱ्या माणसाला कोणी असं शिकवतं का? एकदा चहाच्या वेळी सुपरवायझरने त्याला टोकलंच. "काय रे, सासऱ्याला रांगायला शिकवतोस की काय?"

"बोलत बोलत काम केलं की कंटाळा येत नाही साहेब."

"तुला पगार बोलायचा नाही मिळत, खुणांचा मिळतो."

तो हसला. मी त्याची फुंकर रोज घेत होते, त्यामुळे त्या हसण्यामागची भीती मला कळत होती. भ्यालेल्या माणसाचा श्वास तुटक येतो. सासरा निवृत्तीच्या तोंडावर आला होता. त्याला क्रेनवरून उतरवलं तर त्याचा मान गेला, आणि मान गेला तर तो माणूस उरणार नाही, असं जावईबापूला वाटत असावं. म्हणून वरच्याचं डोकं तो खाली उभा राहून चालवत होता. आणि ज्या भाराखाली हे सगळं चाललं होतं, त्याखाली त्याचं स्वतःचं डोकं होतं.

जे व्हायचं ते भर दुपारी झालं. ऊन होतं. पाइपांचे भारे उतरत होते. वॉकीटॉकीतून "मामा, हळू," एवढं ऐकू आलं, मग खरखर आणि मग काहीच नाही. बॅटरी संपली होती. जावईबापूने संच हलवला, मांडीवर आपटला. मग त्याने तो कमरेला अडकवला आणि जुन्या पद्धतीने हात आडवा केला, तळवा जमिनीकडे. थांबा. भारा टेकवायच्या लाकडी फळ्या नीट लावायला तो वाकणार होता.

भोंगा वाजला. एकदा, स्वच्छ. समजलं.

तो वाकला. आणि भार खाली येतच राहिला.

कोणीतरी किंचाळलं. जावईबापूने वर न बघता बाजूला उडी टाकली. फळ्या काडेपेटीसारख्या मोडल्या. तो उठून बसला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते भाऱ्याखाली होतं, चपातीसारखं चपटं.

सुपरवायझर धावत चौकीत आला आणि त्याने मला खिळ्यासकट ओढलं. उस्ताद खाली उतरला होता. "फुंक!" सुपरवायझर ओरडला. उस्तादने फुंकलं. शून्य. "पुन्हा फुंक!" शून्य. सुपरवायझरने मला झटकलं, स्वतः फुंकलं, नाककाकांना फुंकायला लावलं. सगळ्यांचं शून्य.

मग त्याचा चेहरा शांत झाला, आणि तो शांतपणा मला मुळीच आवडला नाही. तो जावईबापूकडे वळला. "म्हणजे खूण तू चुकीची दिलीस."

"मी थांबायची खूण केली होती."

"उस्ताद, काय खूण होती?"

जावई मरता मरता वाचला, हे उस्तादने पाहिलं होतं. पण आवाजात जराही चाचपडणं नव्हतं. "बोट फिरवत होता. खाली घ्या, खाली घ्या म्हणत होता. मी म्हटलंही, अहो जावईबापू, बाजूला व्हा. तो हसला."

आयुष्यभर मी खोटं बोलणाऱ्यांच्या तोंडाशी राहिलेय. खोटं बोलणारा आधी जरासा श्वास रोखतो. उस्तादने रोखला नाही. तो जे सांगत होता ते त्याला समोर दिसत होतं. मधली रिकामी जागा त्याच्या डोक्याने आपणच भरून टाकली होती.

"उद्यापासून येऊ नकोस," सुपरवायझर जावईबापूला म्हणाला. "स्वतःचा जीव घेशील आणि दुसऱ्याचाही."

जावईबापूने सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात मुलगी आली. कोणीतरी तिला कळवलं होतं. धापा टाकत आली, आधी नवऱ्याचं डोकं, खांदे, हात चाचपले. मग बापाकडे गेली. "बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

"मला काय होतंय! तुझ्या नवऱ्यानं चुकीची खूण केली. पोरी, त्याला जरा समजाव."

त्याच्या खांद्याला डब्याची पिशवी लटकत होती. तिने सवयीने ती काढून घेतली आणि हाताला वजन लागलं. झाकण उघडलं. सकाळी भरलेला डबा जसाच्या तसा.

"बाबा, जेवलात?"

"मघाशीच की. सगळ्यांना थोडं थोडं वाढलं. म्हणाले, पोरीच्या हाताला चव आहे."

उघडा डबा दोघांच्या मध्ये होता. तो डब्याकडे बघत होता आणि तरी बोलत होता. तिने डब्यावरून नजर उचलून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, बाप खोटं बोलतो. तिचा राग माझ्या डोळ्यांदेखत उतरला आणि त्याच्या जागी भीती आली.

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"अगं, थोडे दिवसच राहिले होते. मला वाटलं, मी सांभाळून घेईन."

"सांभाळून? ते हेल्मेट बघा! त्यात तुमचं डोकं असतं तर मला काय सांगितलं असतं यांनी? तुम्ही हसत होतात म्हणून?"

जावईबापूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सुपरवायझरसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, खूण बरोबर होती. मामांनी भोंगा सवयीने वाजवला. भोंगा वाजवेपर्यंत खूण विसरलेली असते. बरेच दिवस असं चाललंय. म्हणून मी बोलत होतो."

उस्तादने ते ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी भर बाजारात त्याची टोपी उडवली. "घरातला माणूस! पोटच्या पोरासारखा वागवला, आणि मला दारुडा ठरवतोय? विचारा तिला! विचारा फुंकणीबाईला!" त्याने मला सुपरवायझरच्या हातातून हिसकावलं आणि सगळा जीव एकवटून माझ्यात फुंकर मारली.

मी काय करणार? शून्य.

"बघा!" तो सगळ्यांना काच दाखवत फिरला. "बघा! बघा!" कोणी बघत नव्हतं. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते.

आवारातच डॉक्टरांची खोली आहे. सुपरवायझरने मला खिशात टाकलं आणि सगळे तिकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी मला हातही लावला नाही. उस्तादला सरळ रेषेवर चालायला सांगितलं. बोट फिरवून त्यावर नजर ठेवायला सांगितलं. तीन साधे शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग ते शब्द विचारले. उस्तादने तीन शब्द सांगितले. बाईंचा एकही नव्हता.

"रोजची दारू, आणि तिच्यामुळे पोटात अन्न नाही," बाई मुलीला म्हणाल्या. "मेंदूला लागणारं एक जीवनसत्त्व त्यांच्या अंगात उरलेलं नसावं. ते इंजेक्शनने लगेच सुरू करू. पुढच्या तपासण्या रुग्णालयात."

"पण डॉक्टर, सकाळी तर शून्य असतं," सुपरवायझर म्हणाला.

"सकाळी श्वासात दारू नाही, एवढंच ते सांगतं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मेंदूचं काय झालं, ते ही फुंकणी कशी सांगणार?"

उस्ताद रागाने म्हणाला, "ठीक आहे. आजपासून बंद. घरी जातो."

"घरी नाही," बाई म्हणाल्या. "इतकी सवय असलेल्या माणसाने एकट्याने, एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. सोडायची, पण आमच्या नजरेखाली."

"पहिल्यासारखे होतील?" मुलीने विचारलं.

"थोडं परत येईल. सगळं येईल, असं मी म्हणणार नाही. लवकर आणायला हवं होतं."

कोणीच कोणाकडे बघितलं नाही.

जावईबापूची नोकरी राहिली. सुपरवायझरने त्याची माफी मागितली, पण घाईघाईत, जहाज लागलेलं असल्यासारखी. माझ्या शेजारी आता एक कागद डकवलाय: ज्याला झोप, जेवण, विसर यांचा त्रास असेल त्याने डॉक्टरांकडे जावं, नोकरी जाणार नाही. कागद चांगला आहे. पण तो वाचून लोक आधी मागे बघतात, कोणी आपल्याला वाचताना बघतंय का. नोकरी जाणार नाही, या वाक्यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. बघू.

माझी काच आता अंधूक झाली आहे. नवं यंत्र मागवलंय म्हणे. नाककाकांनी मला अजून खिळ्यावरून काढलेलं नाही. ते येईल त्याला आधी फुंकायला लावतात आणि मग विचारतात, "जेवलास? काय जेवलास?" आणि उत्तराकडे कान देऊन बसतात.

उस्ताद अधूनमधून येतो. पीत नाही. अंग भरलंय. काठी टेकत मुलीबरोबर येतो आणि नाककाकांच्या बाकावर बसून क्रेनकडे बघतो. जुन्या जहाजांची नावं धडाधड सांगतो, सकाळी काय झालं ते सांगू शकत नाही. त्या दुपारची गोष्ट निघाली की अजून म्हणतो, "जावईबापू, तुम्ही खूण चुकवली होती हं."

"हो मामा, चुकलं माझं," जावईबापू म्हणतो. आता तो जास्तीचं हसत नाही.

जाण्याआधी मी एवढंच मागते. माझ्यापुढे उभं राहणारा माणूस तुमचा बाप असेल, भाऊ असेल, जोडीदार असेल. मी शून्य दाखवलं म्हणून त्याच्यावरची नजर काढून घेऊ नका. त्याचा डबा उचलून बघा.

काल उस्ताद निघाला तेव्हा काम सुटलं होतं. जावईबापू रस्त्यापलीकडे बायकोशी बोलत उभा होता. उस्ताद एकटाच फाटकाबाहेर पडला. डावीकडून ट्रक येत होता. जावईबापूने ओरडून हाक मारली नाही, ट्रकच्या आवाजात ती ऐकू गेली नसती. त्याने हात आडवा केला, तळवा जमिनीकडे.

उस्तादने ते पाहिलं आणि तोंडानेच भोंगा वाजवला. "पों."

मी भोंग्यावर विश्वास ठेवला नाही. मी त्याच्या पायांकडे बघत राहिले.

पाय थांबले होते.